राणी होण्याची वाट पाहणारी कामकरी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दहावीच्या वर्गात तुम्ही नैसर्गिक निवड शिकवत होतात. ज्याची पिल्लं जास्त जगतात त्याचे गुण पुढच्या पिढीत पसरतात, इथपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका मुलीने शाळेच्या व्हरांड्यातल्या गांधीलमाश्यांच्या पोळ्याकडे बोट दाखवलं. तिथल्या कामकरी माश्या स्वतः अंडी घालत नाहीत, राणीची पिल्लं पोसतात, मग हा कामकरीपणा पुढच्या पिढीत जातो कसा, असं तिने विचारलं. तुम्ही "जातीच्या भल्यासाठी त्या त्याग करतात" असं सांगून वेळ मारून नेलीत, आणि आता ते उत्तर बरोबर होतं का, असं विचारताय.

नव्हतं. पण वाईट वाटून घेऊ नका. वांझ कामकरी कीटक ही आपल्या सिद्धान्तापुढची एक खास अडचण आहे, असं खुद्द डार्विनने १८५९ मध्ये लिहून ठेवलंय. मुलीने नेमकं तिथेच बोट ठेवलंय. मी बरीच वर्षं याच माश्यांच्या मागे घालवली असल्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी "जातीचं भलं" बाजूला करू. समजा, सगळ्या माश्या जातीसाठी राबतात अशी एक वस्ती आहे. तिथे एक अशी जन्मली, जी इतरांच्या कष्टांवर जगते आणि गुपचूप स्वतःची अंडी घालते. तिच्या लेकी वाढणार, त्यांच्यात तोच गुण उतरणार, आणि काही पिढ्यांत राबणाऱ्या नाहीशा होणार. जात म्हणजे काही कोणी हिशेब ठेवणारा मालक नव्हे, लबाडी पकडायला तिथे कोणी बसलेलं नसतं. प्राणी गटाच्या हितासाठी स्वतःचं प्रजनन आवरतात, असं विन-एडवर्ड्स यांनी १९६२ मध्ये मोठ्या हिरिरीने मांडलं होतं. १९६६ मध्ये जॉर्ज विल्यम्स यांनी ती मांडणी जवळपास मोडीत काढली. त्याच सुमारास धारवाडच्या रानात युकिमारू सुगियामा हे जपानी संशोधक वानरांच्या टोळ्या पाहत होते. बाहेरून आलेला नर टोळी ताब्यात घेतो आणि आधीच्या नराची तान्ही पिल्लं मारतो, हे त्यांच्या नोंदींत आलं. आया लवकर माजावर येतात आणि नव्या नराची पिल्लं लवकर होतात. जातीचं यात काहीच भलं नाही, त्या एका नराचं आहे. गट-गटांमध्येही निवड होऊ शकते, त्याचं गणितही आहे. पण "जातीसाठी" हे चार अक्षरी उत्तर म्हणजे ते गणित नव्हे.

मग खरं उत्तर कुठे आहे? त्याचा पहिला अर्धा भाग १९६४ मध्ये विल्यम हॅमिल्टन या तरुण इंग्रज जीवशास्त्रज्ञाने दिला. जनुक पुढच्या पिढीत जायला स्वतःचंच मूल हवं असं नाही, तीच जनुकं बहिणीत असतात, भाचीत असतात. म्हणून मदत करण्याचा गुण टिकायला एक अट पुरते: मदत घेणाऱ्याशी असलेल्या नात्याचा अंश गुणिले त्याला झालेला लाभ, हा गुणाकार मदत करणाऱ्याला मोजाव्या लागलेल्या किमतीपेक्षा मोठा हवा. मूल आणि सख्खं भावंड यांच्याशी नातं १/२, भाचरांशी १/४, चुलत-मावस भावंडांशी १/८. दोन सख्ख्या भावांसाठी किंवा आठ चुलतभावांसाठी मी जीव देईन, असं जे. बी. एस. हॉल्डेन फार आधी गमतीत म्हणाले होते म्हणतात. हे हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात येऊन स्थायिक झाले आणि १९६४ मध्येच, म्हणजे हॅमिल्टनचा सिद्धान्त छापून आला त्याच वर्षी, भुवनेश्वरला वारले.

इथून पुढे पाठ्यपुस्तकं एक वळण घेतात, आणि माझी तक्रार त्या वळणाबद्दल आहे. मधमाश्या, मुंग्या, गांधीलमाश्या यांच्यात नर फलन न झालेल्या अंड्यातून जन्मतो. त्याच्याकडे गुणसूत्रांचा एकच संच असतो, त्यामुळे त्याचे सगळे शुक्राणू एकसारखे. परिणामी एकाच आईबापाच्या दोन बहिणींचं नातं १/२ न राहता ३/४ होतं. लेकीशी १/२ आणि बहिणीशी ३/४! मग लेकी वाढवण्यापेक्षा बहिणी वाढवणं फायद्याचं, म्हणून या कीटकांत समाज निर्माण झाले. कल्पना इतकी देखणी आहे की ती फळ्यावर लिहिताना खडूसुद्धा खूश होत असेल. पण तीन ठिकाणी ती गळते. एक, बहिणीशी ३/४ असलं तरी भावाशी नातं फक्त १/४ असतं. पोळ्यात भाऊ-बहिणी सारख्या संख्येने वाढवले तर सरासरी पुन्हा १/२ वरच येते. दोन, वाळवीत नर-मादी दोघांकडेही दुहेरी संच असतात, तरी वारुळात राजा, राणी, कामकरी, सैनिक असा कडेकोट बंदोबस्त आहेच. आणि तीन, राणी एकाहून जास्त नरांशी जुगत असेल तर बहिणी सावत्र होतात आणि ३/४ चा अंक खाली घसरतो.

हा तिसरा मुद्दा नुसता तर्काने निघालेला नाही. तो आपल्याच देशातल्या एका लहानशा माशीवर तपासला गेलाय, आणि इथून पुढे मी तिच्याबद्दलच बोलणार आहे.

तिचं शास्त्रीय नाव रोपॅलिडिया मार्जिनेटा. सेंटीमीटरभर लांब, तांबूस काळपट, पोटावर पिवळा पट्टा. द्वीपकल्पीय भारतात सगळीकडे, खिडकीच्या चौकटीत, जिन्याखाली, पत्र्याच्या शेडच्या आढ्याला हिची पोळी लटकलेली दिसतात. झाडांच्या सालींचे, जुन्या लाकडाचे धागे खरवडून, लाळेत चावून ती कागद बनवते आणि त्याची षट्कोनी घरं बांधते. मोहोळावर जशा माश्यांचा पडदा असतो तसं काही नाही, वरून वेष्टणही नाही, सगळा संसार उघड्यावर. म्हणून पाहायला सोयीची. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी चाळीसहून अधिक वर्षं हिचा अभ्यास केला. गदगकर मुळात रेणवीय जीवशास्त्राचे विद्यार्थी. कॉलेजच्या खिडक्यांतली पोळी पाहता पाहता ते इकडे वळले. संस्थेत या माश्यांसाठी जाळीची एक खोली बांधली आहे. जाळीची भोकं अशा मापाची की या माश्या खुशाल ये-जा करतात, पण त्यांची अंडी-अळ्या लुटणारी मोठी गांधील, व्हेस्पा ट्रॉपिका, आत शिरू शकत नाही. कामाची इतकी नेमकी जागा मी दुसरीकडे क्वचित पाहिली आहे.

ही माशी महत्त्वाची का, तर तिच्यात राणी आणि कामकरी यांच्या शरीरात फरकच नसतो. मधमाशीची कामकरी जन्मतःच कामकरी असते, तिला राणी व्हायची वाट बंद. इथे तसं नाही. कोषातून बाहेर पडलेल्या मादीपुढे तीन रस्ते असतात: एकटीने उडून जाऊन नवं पोळं सुरू करायचं, आहे तिथेच राहून राबायचं, किंवा कधीतरी राणीची जागा घ्यायची. तरीही बहुतेकजणी राबतात, एकट्याने संसार मांडायला शेकडा पाचेकच बाहेर पडतात. तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न इथे अगदी टोकदार होतो, कारण "तिला जमतच नाही" ही पळवाट इथे बंद आहे.

आता नात्याचा भाग. विकरांवरून नाती तपासल्यावर कळलं की इथली राणी एकाहून जास्त नरांचे शुक्राणू साठवते आणि मिसळून वापरते. म्हणजे तो सुंदर ३/४ गेला. त्यात राण्या बदलत राहतात. जुन्या राणीच्या जागी कधी तिची लेक येते, कधी बहीण, कधी भाची, कधी त्याहून लांबची. कामकरी जगते तेवढ्या काळात पाळण्यातली पिल्लं कधी भावंडं असतात, कधी भाचरं, तर कधी मावसबहिणीची मुलं. म्हणजे सरासरी नातं १/२ च्याही खाली जातं. निव्वळ नात्याचा हिशेब केला तर या माशीने केव्हाच बाडबिस्तारा आवरून निघून जायला हवं होतं.

ती जात नाही, कारण हॅमिल्टनच्या सूत्रात नातं हा तीनपैकी एकच आकडा आहे. लाभ आणि किंमत हे उरलेले दोन. नात्याचा आकडा कागदावर काढता येतो, म्हणून तो सगळ्यांना आवडतो. लाभ आणि किंमत काढायला पोळ्यासमोर बसावं लागतं.

पोळ्यासमोर बसलं की पहिल्यांदा जाणवतो तो मृत्यू. या माशीची अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला दोन महिने लागतात, साधारण ६२ दिवस. आणि प्रौढ मादी सरासरी जगते महिनाभर. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. एकटीने पोळं सुरू करणारी माशी पहिलं अंडं घालते तेव्हा ते माशी होऊन बाहेर पडेपर्यंत तिला स्वतः जिवंत राहावं लागतं, कारण अळीला रोज भरवावं लागतं. चाळिसाव्या दिवशी पाखराने तिला टिपलं तर चाळीस दिवसांची मेहनत शून्य. अळ्या उपाशी मरतात, नाहीतर मुंग्या नेतात.

वर्गात करता येईल असा ढोबळ हिशेब देतो. धरून चाला की माशी मरण्याची शक्यता रोज ३ टक्के आहे, म्हणजे सरासरी आयुष्य तेहेतीसेक दिवसांचं. सलग ६२ दिवस जगण्याची शक्यता काढायला ०.९७ ला स्वतःनेच ६२ वेळा गुणा. उत्तर येतं ०.१५. म्हणजे शंभर एकट्या माश्यांतल्या पंधराच पहिली पिल्लं बाहेर पडताना पाहतील. आता तीच माशी, तेवढीच कष्टाळू, तेवढ्याच धोक्यात, पण मोठ्या पोळ्यावर कामकरी म्हणून राहिली तर? तिथे अंड्यांपासून कोषांपर्यंत सगळ्या वयाची पिल्लं आहेत आणि भरवणाऱ्या इतरही आहेत. ती दहा दिवस राबून मेली तरी ते दहा दिवस वाया जात नाहीत, तिने अर्धवट वाढवलेली अळी दुसरी कोणी पूर्ण वाढवते. ६२ दिवसांपैकी तिच्या हातून सरासरी किती दिवसांचं काम होईल, हे त्याच ३ टक्क्यांवरून काढलं तर अठ्ठावीसेक दिवस येतात, म्हणजे ०.४६. एकटीला ०.१५, गटात राहणारीला ०.४६. तिप्पट. एकटीचा सौदा उक्त्या कामासारखा आहे, काम पुरं झालं तरच पैसे. कामकरीची रोजंदारी आहे.

आता नातं आणा. स्वतःच्या मुलांशी नातं १/२ आणि एकटीचा परतावा ०.१५, गुणाकार ०.०७५. कामकरीचा परतावा ०.४६, तर तिचं पिल्लांशी सरासरी नातं ०.१७ असलं तरी बरोबरी होते. भाचरांचं नातं ०.२५, म्हणजे भाचरं वाढवूनही ती फायद्यात. फक्त मावसभावंडांवर, ०.१२५ वर, सौदा जेमतेम तोट्यात जातो. ३/४ ची गरजच पडली नाही! हा युक्तिवाद गदगकर यांनी १९९० मध्ये मांडला. त्यांचा हिशेब माझ्या या फळ्यावरच्या हिशेबापेक्षा अर्थातच बारीक आहे, पण गाभा हाच. मुलांना रोजच्या मृत्यूचं प्रमाण ३ वरून १ टक्का करून पुन्हा आकडे काढायला सांगा. धोका कमी झाला की एकटीने राहण्यातला तोटा कसा आटतो ते त्यांना आपोआप दिसेल.

याची उलट बाजू तुमच्या शाळेच्या भिंतीवरच असेल. कुंभारीण माशी गांधीलमाशीच्याच कुळातली, पण एकलकोंडी. ती मातीचं गाडगं करते, अंडं घालते, अर्धमेल्या अळ्या आत भरते, तोंड लिंपते आणि निघून जाते. रोज भरवण्याची भानगड नाही. दुसऱ्या दिवशी ती मेली तरी बंद गाडग्यातलं पिल्लू स्वतःच्या शिदोरीवर वाढतं. पिल्लं वाढेपर्यंत जगत राहण्याची सक्ती तिच्यावर नाही, त्यामुळे गटाचा हा विशिष्ट फायदाही तिला मिळत नाही. दोन्ही पोळी एकाच भिंतीवर सापडली तर याहून चांगला धडा कुठल्या पुस्तकात नाही.

किमतीचा भाग अजून बाकी आहे. कामकरी स्वतःचं पोळं सोडून देते तेव्हा ती नेमकं काय गमावते? गदगकर यांच्या गटाने कोषातून नुकत्याच बाहेर पडलेल्या सुमारे तीनशे माद्या एकेकट्या डब्यात ठेवल्या. अन्न, पाणी, घर बांधायला लाकूड, सगळं दिलं. ना राणी, ना कोणाचा धाक. तरी जवळपास निम्म्याच माद्यांनी घर बांधून अंडी घातली. बाकीच्या तशाच मेल्या. पुढे दिसलं की अळी असताना ज्यांना जास्त भरवलं गेलं, त्या अंडी घालण्याची शक्यता जास्त. म्हणजे शरीर सारखं दिसत असलं तरी बालपण सारखं नसतं. कमी खाऊन वाढलेल्या माशीने "स्वतःची पिल्लं सोडली" असं आपण म्हणतो, तेव्हा तिच्या खात्यात सोडण्यासारखं फार काही नसतंच. सूत्रातली किंमत तिच्यासाठी शून्याच्या जवळ आहे. आणि तिला कमी भरवणाऱ्या कोण? तिच्याच बहिणी. यात दुष्टपणा शोधू नका, पण प्रेमही शोधू नका.

एवढ्यावरही प्रश्न संपत नाही, कारण तिसरा रस्ता उरतोच: राणीची जागा. मला या सगळ्यात सर्वात जास्त हाच भाग आवडतो.

या माशीची राणी पाहून लोकांचा भ्रमनिरास होतो. पोळ्यावर कोण कोणाला टोचतं, चावे घेतं, अंगावर चढून बसतं, याच्या नोंदी ठेवल्या तर राणी त्यात अगदी मवाळ निघते. १९८३ मध्ये गदगकर आणि जोशी यांनी माश्यांच्या वेळेचा हिशेब मांडून त्यांचे तीन गट पाडले: बसणाऱ्या, भांडणाऱ्या आणि बाहेरून अन्न आणणाऱ्या. राणी बसणाऱ्यांत. ती कोणाला कामाला लावत नाही, कामाची वाटणी कामकऱ्या आपापसांतच लावून घेतात. मग ती राणी आहे हे इतरांना कळतं कसं? ती पोटाचं टोक पोळ्यावर घासत फिरते आणि तिच्या एका ग्रंथीतला न उडणारा स्राव कागदाला लागत राहतो. त्यावरूनच राणी हजर असल्याचं कळतं.

राणीला अलगद उचलून बाजूला ठेवलं की काही मिनिटांतच एक कामकरी बिथरल्यासारखी इतरांच्या अंगावर धावून जायला लागते. एकच, दोन नाहीत. बाकीच्या मुकाट ऐकून घेतात, आव्हान कोणी देत नाही. राणी परत ठेवली की ही पुन्हा निमूट कामाला लागते. राणी परत आलीच नाही, तर हिचा संताप हळूहळू ओसरतो, आठवड्याभरात ती अंडी घालू लागते आणि आधीच्या राणीइतकीच शांत होते. गंमत अशी, की राणी असताना ही कोण असेल ते आपल्याला ओळखता येत नाही. ती सर्वात भांडखोर नसते, सर्वात आळशी नसते, तिचं अंडाशयही सर्वात वाढलेलं असतंच असं नाही.

आपल्याला कळत नाही म्हणून माश्यांनाही कळत नाही का? अनिंदिता भद्रा आणि गदगकर यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मुद्दाम सविस्तर सांगतो. पोळ्याचे मध्ये जाळी घालून दोन भाग केले, माश्या दोन्हीकडे कशाही वाटल्या. राणी एका बाजूला. दुसऱ्या बाजूला तिचा स्राव पोचत नाही, त्यामुळे तिथे एक भावी राणी उगवते आणि धावाधाव सुरू करते. आता राणीला उचलून त्या बाजूला ठेवलं. ही पहिली इच्छुक जर खरी वारसदार असेल, तर राणी निघून गेलेल्या बाजूला तिला नेल्यावर तिचं राज्य मान्य व्हायला हवं. खरी वारसदार वाटणीत आधी राणीच्या बाजूला अडकली असेल, तर आता ती पुढे यायला हवी, आणि पहिलीने माघार घ्यायला हवी. झालं अगदी तसंच. काही पोळ्यांत पहिली टिकली. काहींत दुसरी पुढे आली, आणि मग तिला दोन्ही बाजूच्या माश्यांनी मानलं, पहिलीनेसुद्धा. खऱ्या वारसदाराला कोणी एकदाही टोचलं नाही, आणि तिसरी कुठे उपटलीच नाही. पुढची राणी कोण हे माश्यांना आधीपासून ठाऊक होतं.

अलोक बंग आणि गदगकर यांनी २०१२ मध्ये याच्याही पुढे जाऊन एकामागून एक राण्या काढून पाहिल्या. दर वेळी न भांडता पुढची हजर. म्हणजे वारस एक नसून चक्क रांग आहे. रांगेत साधारणपणे वयाने मोठी असते ती पुढे, पण नेहमीच नाही. आता कामकरीकडे पुन्हा पाहा. ती राबते आहे आणि त्याच वेळी रांगेत उभी आहे. तिचा नंबर लागेलच असं नाही, बहुतेकींचा लागत नाही, महिनाभरात त्या मरतात. पण एकटीने बाहेर पडून १५ टक्क्यांवर जुगार खेळण्यापेक्षा रोजंदारीही मिळते आणि राणी व्हायची बारीकशी शक्यताही उरते. त्यागाचा पुतळा म्हणून तिच्याकडे पाहणाऱ्यांना हे जरा रुक्ष वाटतं. मला उलट यात तिचा जास्त मान दिसतो.

तुमच्या वर्गात आणखी एक प्रश्न येईल: सख्खी कोण आणि सावत्र कोण हे माशीला कळतं का? नाही. आपल्या पोळ्यातली आणि परक्या पोळ्यातली एवढं ती वासावरून ओळखते, आणि तो वास कोषातून बाहेर पडल्यावर पोळ्यातूनच अंगाला लागतो. पोळ्याच्या आत नात्याचे बारकावे तिला दिसत नाहीत. कोवळ्या वयाच्या परक्या माश्या पोळ्यावर सोडल्या तर त्या बऱ्याचदा सामावून घेतल्या जातात, काम करतात, आणि काही पुढे राणीही झाल्या आहेत. हॅमिल्टनचं सूत्र माशीच्या डोक्यात नाही. हिशेब सरासरीवर, पिढ्यानपिढ्या, निवडीने झालेला आहे. हे वाक्य मुलांकडून दोनदा म्हणवून घ्या, कारण पुढच्याच परीक्षेत "माशी विचार करते की" असं लिहून आणणारे निघतातच.

इतर प्राण्यांबद्दल थोडंसंच सांगतो. आपल्याकडे बागेत कलकलाट करणारे सातभाई पक्षी थवा करून पिल्लं वाढवतात, एका घरट्याला आईबापांखेरीज इतरही भरवतात. तिथेही नातं, मोकळ्या जागेची चणचण, आणि पुढे स्वतःचा नंबर लागण्याची आशा, हेच घटक वेगळ्या प्रमाणात. रानकुत्र्यांच्या कळपात शिकारीहून परतलेले सदस्य पिल्लांना ओकून भरवतात. मध्य अमेरिकेतल्या रक्तपिपासू वटवाघळांवर विल्किन्सन यांनी १९८४ मध्ये दाखवलं की उपाशी साथीदाराला रक्त ओकून देताना नात्याबरोबर जुनी देवघेवही मोजली जाते. परतफेडीच्या मदतीचा हा सिद्धान्त ट्रिव्हर्स यांनी १९७१ मध्ये मांडला होता. गांधीलमाशीला त्याची गरज पडत नाही, महिनाभराच्या आयुष्यात उधारी कोण फेडणार?

२०१० मध्ये नोवाक, टार्निटा आणि ई. ओ. विल्सन यांनी हॅमिल्टनची सगळी चौकटच अनावश्यक असल्याचं लिहिलं आणि मोठा गदारोळ झाला. शंभराहून जास्त शास्त्रज्ञांनी एकत्र सही करून उत्तर दिलं. मला त्या भांडणात फारसा रस नाही. "नातं हेच सगळं" आणि "नातं काहीच नाही" ही दोन्ही टोकं पोळ्यासमोर बसलेल्या माणसाला सारखीच परकी वाटतात.

वर्गात काय सांगायचं, हे तुम्ही शेवटी विचारलं आहे. "जातीसाठी" ऐवजी एवढं पुरे: कामकरी माशी नात्यातल्या पिल्लांमधून आपली जनुकं पुढे पाठवते, एकटीने प्रयत्न केला असता तर त्याहून कमी गेली असती, आणि राणी होण्याची आशा तिने सोडलेली नाही. सूत्र नंतर.

पोळं पाडू देऊ नका. व्हरांड्यात असलं तरी दोन मीटर अंतर राखलं, धक्का दिला नाही, फुंकर मारली नाही, तर या माश्या सहसा वाट्याला जात नाहीत. दंशाची ॲलर्जी असलेल्या मुलाला मात्र लांब बसवा. पूर्ण गणती करायची तर उजाडायच्या आत, तेव्हा सगळ्याजणी घरी असतात. दिवसा मुलांना तीन रकाने करायला सांगा: कोण अन्न आणतं, कोण दुसरीच्या अंगावर जातं, कोण नुसतं बसतं. राणी कोण असा अंदाज लिहायला सांगितला तर जवळजवळ सगळे भांडखोर माशीचं नाव घेतील. खात्री करायची असेल तर रिकाम्या घरात पोटाचं टोक घालून काही क्षण स्थिर राहणारी माशी शोधा. अंडी घालते ती राणी. मार्जिनेटा असेल तर ती बसणाऱ्यांत सापडेल. पण तिचीच जवळची बहीण, रोपॅलिडिया सायाथिफॉर्मिस, याच भागात राहते, आणि तिच्यात राणी खरोखरच सर्वात आक्रमक असते. तेव्हा निकाल उलटा आला तर मुलांच्या वह्या दुरुस्त करायला जाऊ नका, आधी माशी कोणती ते पाहा. आणि शांत पोळ्यावर एखाद्या दिवशी एकाएकी एकच माशी सगळ्यांच्या मागे लागलेली दिसली, तर फळ्यावर तारीख लिहून ठेवा आणि आठवड्याने रिकाम्या घरांत नवी अंडी कोण घालतंय ते बघा.